सतरा नंबरची मादी

गुलाबराव कापगते पोलादाच्या प्लांटच्या लॅबमधून रिटायर झाले, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्यांनी आपापली सोय आधीच करून ठेवली होती. कोणी सिविक सेंटरला मुलाच्या दुकानात बसू लागलं, कोणी गावी जाऊन शेती पाहू लागलं. गुलाबरावांनी सेक्टर सहाचं क्वार्टर सोडलं, मरोद्याला दोन खोल्यांचं घर बांधलं आणि उतईच्या रस्त्याला तीन एकर जमीन भाड्याने घेऊन मासे धरले. धरले म्हणजे पकडले नव्हे. माशांचं बीज तयार करून शेतकऱ्यांना विकायचा धंदा सुरू केला. ते साकोलीकडचे, कोहळी समाजाचे. त्यांच्या वाडवडिलांनी भंडाऱ्याच्या मुलखात तलाव बांधले होते. बत्तीस वर्षं भट्टीच्या शेजारी काढलेल्या माणसाला म्हातारपणी पाण्यापाशी बसावंसं वाटलं, यात बायकोला, कांताबाईंना, काही नवल वाटलं नाही.

पण तलाव बांधणारे वेगळे आणि मासे ओळखणारे वेगळे. म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांच्यासोबत देवाजी होता. देवाजी धिवर, अर्जुनीकडचा. आधी प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होता, पण त्याचं खरं काम पाण्यातलंच. मादी हातात घेऊन पोटावरून अंगठा फिरवला की तो सांगायचा, ही आज इंजेक्शन घेईल, ही चार दिवसांनी. गुलाबराव वहीत लिहायचे, देवाजी हाताने सांगायचा आणि दोघांचं जमायचं. पावसाळ्यात रोहूच्या नर-माद्यांना अंडी सुटायचं इंजेक्शन देऊन सिमेंटच्या गोल टाकीत सोडायचं, पाणी फिरतं ठेवायचं, सकाळी अंडी गोळा करायची. तीन वर्षांत आजूबाजूच्या चाळीस छत्तीसगढी गावांत 'मराठीबाबूचं बीज' म्हणून नाव झालं.

चौथ्या वर्षी ते नाव बुडायची वेळ आली.

जुलैत विकलेल्या बीजाचे मासे जानेवारीत घेऊन तीन शेतकरी फाटकाशी आले. त्यांतला मोठा होता विजयकुमार साहू. त्याने पोत्यातून एक मासा काढून गुलाबरावांच्या पायाशी ठेवला. अंग रोहूसारखं लालसर, पण डोकं जरा जास्तच मोठं, तोंड वर वळलेलं. रोहूच्या खालच्या ओठाला जी बारीक झालर असते, ती जवळजवळ नव्हती. तळ्यातले अर्धे मासे असेच निघालेत, कोणी वाढतो, कोणी खुरटतो, असं त्याचं म्हणणं.

गुलाबरावांनी मासा उलटसुलट करून पाहिला. हा तर रोहू आणि कटला या दोन जातींचा संकर. रोहूच्या टाकीत कटल्याचा नर पडल्याशिवाय असं होणार नाही. त्यांनी वही काढली. जुलैत त्या दिवशी टाकी देवाजीने भरली होती. आदल्याच दिवशी शेजारच्या टाकीत कटले होते. आणि देवाजी त्या संध्याकाळी मेहुण्याच्या साक्षगंधातून आला होता, तोंडाला वास येत होता, हेही त्यांना आठवलं.

"देवाजी, कटल्याचे नर तूच टाकले का?"

"मी नाही टाकलो जी."

"मंग हे कुठून आलं?"

देवाजी माशाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मले तरी आठवत नाही, साहेब."

त्या 'तरी'वर गुलाबरावांनी निकाल लावला. तिघा शेतकऱ्यांसमोर म्हणाले, "पिऊन कामावर येतं अन् लोकाइच्या तळ्याचं वाटोळं करतं. उद्यापासून येऊ नको." देवाजीने हात धुतले, खुंटीवरचा गमछा घेतला आणि गेला. भांडला नाही, पुढे कुठे वाईट बोलल्याचंही कानावर आलं नाही. मरोद्याच्या बाजारात तो बायकोसोबत, राधाबाईसोबत, मासळी विकायला बसू लागला. गुलाबराव त्या गल्लीने जाणं टाळू लागले.

लॅबमध्ये गुलाबरावांची ख्याती काय होती, ते इथे सांगायला हवं. भट्टीतून पोलादाचा प्रत्येक घाण, म्हणजे एका वेळची खेप, निघताना त्याचा नमुना लॅबमध्ये येई. कार्बन किती, गंधक किती, हे मशीन सांगेपर्यंत फोनवर कितीही मोठा साहेब ओरडला तरी गुलाबराव हो किंवा नाही म्हणत नसत. "सॅम्पल बोलन, मी नाही बोलणार," असं त्यांचं उत्तर ठरलेलं. तोच माणूस देवाजीच्या बाबतीत नमुन्याशिवाय बोलून गेला, आणि सात वर्षं ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

सात वर्षांनी दिपाली आली. दुर्गच्या रेल्वे कॉलनीतली मुलगी. वडील मालगाडी चालवायचे, मूळ गोंदियाकडचे. ती मत्स्य महाविद्यालयात संशोधन करत होती. जिल्ह्यातल्या हॅचऱ्यांमधले, म्हणजे अशा बीजकेंद्रांमधले, मासे खरोखर किती शुद्ध आहेत आणि कोणत्या नर-मादीची पिल्लं कोणती, हे तिला तपासायचं होतं. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलून बोलून तिची एक तिसरीच भाषा झाली होती.

"काकाजी, माशाला कुछ नहीं होता. परातला एवढासा तुकडा कापायचा, नखाएवढा. तो परत वाढतो."

"पर म्हणजे पंख?"

"हो, फिन. अन् ही चिप पाठीत टाकायची, मंग प्रत्येक माशाचा नंबर पक्का."

चिप तांदळाच्या दाण्याएवढी होती. सुईने कातडीखाली सारली की हातातल्या यंत्रावर नंबर उमटायचा. गुलाबरावांना ते फार आवडलं. प्लांटमध्ये प्रत्येक घाणाला नंबर असायचा. इथे मात्र बासष्ट मोठ्या नर-माद्या नुसत्या डोळ्यांच्या ओळखीवर चालल्या होत्या. दोन दिवसांत सगळ्यांचे तुकडे स्पिरिटच्या कुप्यांत गेले.

निघताना दिपालीचं लक्ष मागच्या छोट्या तळ्याकडे गेलं. "यातले?"

"ते राहू दे. एका माणसाच्या चुकीचे आहेत."

गोष्ट अशी होती की त्या वाईट खेपेतले चाळीसेक मासे गुलाबरावांनी तक्रार यायच्या आधीच पुढच्या पिढीसाठी निवडून ठेवले होते. तक्रार आल्यावर ते मागच्या तळ्यात टाकले. ते विकायला मन होईना, खायलाही होईना. मरता मरता चोवीस उरले होते. हे सगळं त्यांनी दिपालीला सांगितलं, देवाजीचं नाव न घेता.

दिपालीने विचारलं, "त्यांचे आई-बाप अजून आहेत तळ्यात?"

"बहुतेक सगळे आहेत. तेव्हाचे जुने कमी नाही केले मी."

"मंग यांचे पण घेते ना. माझ्या कामाले असेच पाहिजेत."

गुलाबरावांनी खांदे उडवले. जाळं त्यांनीच धरलं.

दीड महिन्याने दिपाली कागद घेऊन आली. कांताबाईंनी चहा ठेवला. तिने कपाला हातही न लावता कागद पसरले.

"काकाजी, ते चोवीस मासे. तुम्ही म्हणाले ना, कटल्याचा नर पडला होता?"

"हो."

"नाही पडला."

गुलाबरावांनी चष्मा लावला.

"मी पंचवीस जागा तपासल्या," दिपाली बोट ठेवत सांगू लागली. "माशाच्या डीएनएमधल्या. प्रत्येक जागी प्रत्येक माशाकडे दोन खुणा असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. अन् ह्या जागा अशा निवडल्या की रोहूची खूण वेगळी दिसते, कटल्याची वेगळी. आता समजा, आई रोहू अन् बाप कटला. तर पिल्लाकडे काय दिसन?"

"प्रत्येक जागी एक हिची, एक त्याची."

"पंचवीसच्या पंचवीस जागी. बरोबर? आता हे पाहा." तिने रांगा दाखवल्या. "याच्यात कटल्याच्या खुणा अकरा जागी. याच्यात चौदा. याच्यात दहाच. बाकी जागांवर दोन्ही खुणा रोहूच्या. एकाही माशात पंचवीस नाहीत."

गुलाबराव कागदावर वाकले. आयुष्यभर आकड्यांच्याच रांगा वाचल्या होत्या, त्यामुळे पुढचं त्यांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ते हळूहळू म्हणाले, "म्हणजे कटलं थेट नाही आलं. अर्धं आलं. आई-बापांतलं एक स्वतःच संकर होतं."

"आई," दिपाली म्हणाली. "चोवीसपैकी एकवीस एकाच मादीचे. सतरा नंबर. तिच्याकडे पंचवीसच्या पंचवीस जागी एक रोहू, एक कटला. बाप पाच नंबर अन् एकतीस नंबर, दोघंही शुद्ध रोहू. उरलेले तीन मासे दुसऱ्या मादीचे, ते पूर्ण रोहू आहेत."

"मशीन चुकते का कधी?"

"दोनदा चालवलं, काकाजी. तुमच्यासाठीच दोनदा."

सतरा नंबर. गुलाबरावांना ती मादी न पाहताही डोळ्यांसमोर उभी राहिली. राजनांदगावकडच्या एका तळ्यावरून त्यांनी स्वतः निवडून आणलेली, सगळ्यांत भारी, सगळ्यांत जास्त अंडी देणारी. विकणाऱ्यालाही बिचाऱ्याला माहीत नसणार. तिला तळ्याची राणी म्हणत आपण पाहुण्यांना दाखवत आलो. त्या वर्षी बाकीच्या माद्यांनी अंडी नीट सोडलीच नव्हती, बरंचसं बीज हिचंच होतं, हेही वहीत लिहिलेलं होतं. आणि देवाजी गेल्यावरही दरवर्षी कोणी ना कोणी मोठ्या डोक्याच्या माशाची तक्रार करत आला होताच. ते आपण खाद्यावर ढकललं, पाण्यावर ढकललं.

"चहा थंड झाला," कांताबाई म्हणाल्या. गुलाबरावांनी चष्मा काढून कागदांवर ठेवला. दिपालीला वाटलं, धंद्याचं नुकसान झालं म्हणून काकाजी खचले. तिने घाईघाईने सांगितलं की काळजी करू नका, कोणते मासे काढायचे ते आता नंबराने कळलंय, शुद्ध नर-माद्या मिळवून द्यायला ती मदत करेल. गुलाबरावांनी तिचा हात धरला. "बेटा, तुह्यावर नाराज नाही मी," एवढंच म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी कांताबाईंना विचारलं, "देवाजी कुठे राहते आता?"

"पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीत. निळ्या दाराचं घर."

"तुले कसं माहीत?"

कांताबाई कप उचलत म्हणाल्या, "सात वर्षांपासून मासळी कोणाकडून आणून राहिली मी? तुमाले वाटे सेक्टरच्या बाजारातून येते. राधाबाईकडून येते. तिच्या नातीच्या बारशाले गेली होती मी."

 लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. आपण तोडलेलं ते घर या बाईने एक शब्दही न बोलता जोडून ठेवलं होतं. नाहीतर उद्या त्या दारात आपण कोणत्या तोंडाने उभे राहिलो असतो?

"तुह्ये उपकार झाले कांता," ते म्हणाले.

"उद्या सकाळी जाऊ. बाजाराचा दिवस नाही, घरीच असन तो."

सकाळी देवाजी अंगणात बर्फाचे थर्माकोलचे डबे धूत होता. केस पांढरे झाले होते. गुलाबरावांना पाहून तो उठला, हात गमछ्याला पुसले आणि सवयीने म्हणाला, "या साहेब." राधाबाईने मात्र दारातूनच तोंड फिरवलं. कांताबाईंनी आत जाऊन तिच्याशेजारी बसकण मारली.

गुलाबराव बसले नाहीत. वाटेत जुळवलेलं बोलणं सगळं विसरलं. "मी चुकलो, देवाजी," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "कटल्याचे नर तू नव्हते टाकले. ती मादीच खोटी होती. मीच आणलेली. कॉलेजातल्या एका पोट्टीनं तपासणी केली, हा कागद."

देवाजीने कागद घेतला. वाचता येत असलं तरी आकड्यांच्या रांगा त्याला काय कळणार? त्याने विचारलं, "कोणती मादी?"

"राजनांदगावची. मोठी."

"किती पिल्लं तपासले?"

"चोवीस. एकवीस तिचे."

"अन् बाप?"

"दोन नर. दोनी रोहू. पक्के रोहू."

देवाजी ओल्या डब्यावरच बसला. कागदाकडे पाहत, गुलाबरावांना नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखा म्हणाला, "मंग मी नाही टाकलो."

"नाही टाकला."

"मी नाही टाकलो, राधे!" आता तो मोठ्याने म्हणाला. 

आतून राधाबाई बाहेर आली. इतकी वर्षं दाबलेलं सगळं तिच्या तोंडून एकदम आलं. "मी तं रोज सांगत होती! हे म्हणत, तुले काय माहीत, मी त्या दिवशी घेतलो होतो, माह्याच हातून झालं असन. भाऊजी, तुम्ही काढलं त्याचं नाही एवढं. ह्याइनं सोताच सोताले चोर ठरवलं. दुर्गच्या हॅचरीवाल्यानं दोनदा बोलावलं, पाटणच्यानं बोलावलं. नाही गेले. म्हणे, माह्या हाताचा भरोसा नाही, अजून कोणाचं तळं नासन."

गुलाबराव तिथेच चटईवर बसले. शिव्या ऐकायची तयारी करून ते आले होते. आपण एका माणसाचं काम काढून घेतलं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासही सोबत गेला, हे त्यांना आज कळत होतं.

"तोंडाला येईल ते बोल मले," ते म्हणाले.

देवाजीने डोळे पुसले आणि तो चक्क हसला. "काय बोलू साहेब? सात वर्सं वाटे, मरताना हे घेऊनच जा लागते. आता नाही. त्या पोट्टीचं नाव काय?"

"दिपाली."

"भलं होवो तिचं. तुम्ही कागद दाबून ठेवला असता तं मले काय कळलं असतं? तुमचं बी भलं होवो."

हे आभार घेणं गुलाबरावांना जड गेलं. ते म्हणाले, "ज्याइच्यासमोर तुले बोललो, त्याइच्यासमोर सांगल्याशिवाय माह्या जिवाले चैन नाही."

आणि त्यांनी ते केलं. पुढच्या रविवारी तिघाही शेतकऱ्यांना हॅचरीवर बोलावलं. देवाजीला खुर्चीवर बसवलं आणि उभं राहून सगळं सांगितलं. मादी कशी आपणच आणली, दोष कसा देवाजीवर टाकला, आणि पुढच्या वर्षांच्या तक्रारीही कशा उडवून लावल्या. विजयकुमारने कागद वरखाली करून पाहिला आणि आपल्या छत्तीसगढीत म्हणाला, "मछरी के घलो कुंडली बन गे हे, बाबू!" माशाचीही कुंडली निघाली, म्हणून सगळे हसले. मग तो उठून देवाजीजवळ गेला आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. देवाजीला काढलं त्या दिवशी तोही रागाने बरंच बोलला होता, ते त्याला आठवलं असावं.

सतरा नंबर आणि तिची पिल्लं प्रजननातून काढली. दिपालीने खटपट करून सरकारी केंद्रातून नव्या रोहूच्या वीस जोड्या मिळवून दिल्या, एकेक तपासून, एकेक नंबर लावून. देवाजीला परत ये म्हणून सांगायला गुलाबराव तीनदा गेले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "येतो. पन एक करा. टाकीत मासा टाकताना तो नंबर वाजला पाहिजे अन् तुमच्या वहीत चढला पाहिजे. माह्या शब्दावर नका चालवू."

"तुह्या शब्दावर चालवाले मी तयार आहे."

"मी नाही ना तयार," देवाजी म्हणाला. "नंबर असला की मले बी झोप लागते."

जुलैत पहिली टाकी भरली. देवाजी गुडघाभर पाण्यात. मादी वर उचलायचा, पोटावरून अंगठा फिरवायचा, यंत्र तिच्या पाठीशी न्यायचा, यंत्र वाजायचं आणि गुलाबराव नंबर लिहायचे. सुरुवातीच्या दोन माद्यांचे नंबर त्याने दोन-दोनदा वाजवून घेतले. तिसरीला त्याने जरा वेळ धरून ठेवलं आणि म्हणाला, "ही आज नाही. परवा." गुलाबरावांनी वहीत तसंच लिहिलं, एकही प्रश्न न विचारता.

तीन आठवड्यांनी पिल्लं तपासणीला गेली आणि महिन्याने दिपाली स्वतः सांगायला आली. पन्नासच्या पन्नास रोहू. आई कोण, बाप कोण, सगळं वहीतल्या नंबरांशी जुळत होतं. कटल्याची खूण एकाही जागी नव्हती. कांताबाईंनी सगळ्यांना जेवायला थांबवलं होतं, राधाबाई रस्सा करायला सकाळपासून आलेली होती. पण देवाजी ताटावर बसेना. तो दिपालीभोवती घुटमळत होता.

"बाई, तुही माय कुठे असते?"

"दुर्गला. घरी असन आता. कावून?"

"लाव ना तिले फोन."

दिपाली गोंधळली, पण तिने फोन लावला. "आई, एक काका बोलून राहिलेत तुझ्याशी," म्हणून फोन देवाजीच्या हातात दिला. देवाजीने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"ताई, नमस्कार. मी देवाजी बोलतो. मरोद्याहून. तुमी मले वळखत नाही." एवढं बोलून तो थांबला. पलीकडून दिपालीची आई, विजयाताई, विचारत होत्या, काय झालं, दिपाली बरी आहे ना? सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बरी आहे, लई बरी आहे. काई झालं नाही."  "तुमच्या लेकीनं माह्यं लई मोठं काम केलं. तिले कसं सांगाव ते समजून नाही राहिलं, म्हणून म्हटलं तिच्या मायलेच सांगाव. येवढंच होतं, ताई."

 मग विजयाताईंचा आवाज आला, घरच्या माणसाशी बोलावा तसा. "जेवले का भाऊ तुम्ही?"

"आता बसतो," देवाजी म्हणाला, आणि फोन परत देऊन पानावर बसला.